खोकाभर गेम आणि खाच नसलेलं मशीन

गेल्या रविवारी भाचा दुकानात आला तो हातात काळं, गुळगुळीत यंत्र घेऊनच. त्याच्या दुबईच्या काकाला कपाट आवरताना जुना पीएसपी गो, म्हणजे सोनीचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र, सापडला आणि त्यानं तो पुतण्याला देऊन टाकला. स्क्रीन वर सरकवली की खालून बटणं बाहेर येतात. भाच्याचं ते सरकवणं-मिटवणं सारखं चालूच होतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या मोबाईल-गेम दुरुस्तीच्या दुकानात टेबलाखाली चप्पल लाइनीतून आणलेला एक जुना खोका असतो. चपला कधीच झिजल्या. खोक्यात आता जुन्या, खाचवाल्या पीएसपीच्या तेवीस यूएमडी, म्हणजे गेमच्या छोट्या चकत्या, आहेत, २००७ ते २०११ या काळात पैसे साठवून एकेक करून घेतलेल्या. भाच्यानं खोका उघडला, एक उचलली, मशीन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "मामा, घालायची कुठनं?"

कुठूनच नाही. पीएसपी गोला खाचच नाही.

"मग ह्या सगळ्या गेम ह्याच्यात टाकून दे की. दिवसभर हेच तर करतोस."

लोकांच्या मोबाईलमधले फोटो, नंबर, व्हॉट्सॲप जुन्यातून नव्यात टाकून देणारा मामा गेम का टाकू शकत नाही, हा प्रश्न चौदा वर्षांच्या पोराला पडणारच. मोठ्यांनाही पडतो. कपाटात पीएसफोरच्या डिस्कचा गठ्ठा असताना बिनडिस्कवाला पीएस५ घेणारे लोक हल्ली महिन्याला एखाद-दुसरे तरी येतात आणि हेच विचारतात. त्या दिवशी भाच्याला मी "होत नाही" एवढंच म्हणालो. नीट उत्तराला वेळ लागतो.

आधी ती यूएमडी हातात घेऊन बघू. नाव युनिव्हर्सल मीडिया डिस्क, पण जगात ती सोनीच्या पीएसपीशिवाय दुसऱ्या कशातही चालत नाही. सहा सेंटिमीटरची छोटी चकती, प्लॅस्टिकच्या कवचात कायमची बंद. एका बाजूनं पारदर्शक खिडकी, आतली रंगीत चकती दिसावी म्हणून. दुसऱ्या बाजूला लेझरसाठी छोटी उघडी फट. जुन्या फ्लॉपीला असायचं तसं सरकतं झाकण हिला नाही, त्यामुळे धूळ सरळ आत. चकतीवर जास्तीत जास्त १.८ जीबी माहिती मावते. पीएसपी जपानात डिसेंबर २००४ मध्ये आला तेव्हा हातातल्या मशीनसाठी एवढी जागा म्हणजे चैन होती. आमची पिढी 'कॅसेट'मध्ये फुंकर मारून गेम चालवणारी. आम्हाला ही छोटी सीडी म्हणजे परग्रहावरची वस्तू वाटली होती.

ती विकत घेतली तेव्हा पैसे मोजून नेमकं काय मिळालं? दोन गोष्टी. एक, प्लॅस्टिकचा तुकडा, तो पूर्ण आपल्या मालकीचा. दोन, त्यातला खेळ खेळायची परवानगी. ही परवानगी कुणाच्या नावावर नव्हती. एसटीच्या तिकिटासारखी. तिकीट हातात असलं की कंडक्टर नाव विचारत नाही. यूएमडी ज्याच्या हातात त्याचा गेम चालतो. मित्राला द्या, विका, हरवा, मशीनला काही देणंघेणं नाही.

डाउनलोड केलेल्या गेमचं तसं नसतं. ते महालक्ष्मी एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन. नाव, ओळखपत्र, सगळं जुळावं लागतं. 'हा गेम या अकाउंटनं घेतला आहे' अशी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर होते आणि त्या नोंदीच्या जोरावर मशीन गेम उघडतं. तुमच्याकडे फाईल असली तरी नोंद नसेल तर तो नुसताच जागा खाणारा डबा.

आता एसटीचं तिकीट दाखवून रेल्वेचं रिझर्व्हेशन मागायला गेलं तर काय होईल? भाचा मला तेच करायला सांगत होता.

कुलूप वेगळं

"पण गेम तर तोच आहे ना आत?" हा पुढचा प्रश्न. आहे, शंभर टक्के तोच. कुलूप वेगळं आहे.

यूएमडीवरची माहिती उघडी नसते, सांकेतिक भाषेत गुंडाळून ठेवलेली असते. ती उलगडायची किल्ली पीएसपीच्या चिपमध्ये. मशीन आधी ड्राइव्हला विचारतं, खरी चकती आत आहे का? असेल तर किल्ली फिरते. ही चकती घरी बनवता येऊ नये म्हणून सोनीनं कोरी यूएमडी किंवा ती लिहिणारं यंत्र ग्राहकांना कधी विकलंच नाही. डाउनलोड आवृत्तीत याच्या उलट. तिथं चकतीचा पत्ता नाही, म्हणून किल्ली अकाउंटच्या परवान्याला बांधलेली असते. म्हणजे यूएमडीतला गेम 'टाकून देणं' हे फाईल इकडून तिकडं कॉपी करण्यासारखं नाही. एक कुलूप काढून दुसरं बसवावं लागतं, आणि दुसऱ्या कुलपाच्या किल्ल्या फक्त कंपनी घडवते.

इथं एक गोष्ट कबूल करून टाकतो. २००८-०९ च्या सुमारास मी दुसऱ्याच्या दुकानात उमेदवारी करत होतो, आणि मशीनचं सॉफ्टवेअर फोडून मेमरी स्टिक, म्हणजे पीएसपीचं मेमरी कार्ड, फुकटच्या गेमनी 'भरून देणं' हे तिथं रोजचं काम होतं. त्यामुळे आपल्याकडे पुष्कळांच्या पीएसपीनं आयुष्यात यूएमडी पाहिलीच नाही. ज्या गावात सगळेच फुकटात डाउनलोड करत होते तिथं मी तेवीस यूएमडी पैसे देऊन घेतल्या, म्हणून मित्र मला येडा म्हणायचे. प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता त्यात. मला त्या दिसायला आवडायच्या.

पूल बांधतो म्हणाले

पीएसपी गो १ ऑक्टोबर २००९ ला अमेरिका-युरोपात आला. ३.८ इंची स्क्रीन, आत १६ जीबी जागा, यूएमडी ड्राइव्ह गायब. किंमत अमेरिकेत २५० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या ड्राइव्हवाल्या पीएसपीपेक्षा जास्त. ज्यांच्याकडे खोके भरून यूएमडी होत्या त्यांचा पहिला प्रश्न भाच्याचाच होता. सोनीनं आधी सांगितलं की जुन्या ग्राहकांसाठी काहीतरी सोय करायचा विचार चालू आहे. मशीन बाजारात यायची वेळ झाली तेव्हा कायदेशीर आणि तांत्रिक कारणं पुढं करून तो विचार सोडून दिला. युरोपातल्या जुन्या पीएसपीवाल्यांना समजूत म्हणून ठरावीक यादीतले तीन गेम फुकट दिले.

'कायदेशीर आणि तांत्रिक कारणं' म्हणजे सरकारी कचेरीतलं 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं वाटतं. पण यात खरंच अडचण आहे, आणि ती समजून घ्यायला आमचंच उदाहरण घ्या.

आम्ही चौघे मित्र होतो. एकट्याला सगळ्या यूएमडी परवडत नसत, म्हणून प्रत्येकानं वेगळी घ्यायची आणि आळीपाळीनं फिरवायची. रंकाळ्याच्या कट्ट्यावर देवाणघेवाण. कुणाकडे काय आहे याची नोंद एका शंभरपानी वहीत. आता समजा, तेव्हा कंपनीनं जाहीर केलं असतं की 'यूएमडी मशीनमध्ये घाला, नोंदवा, त्याच गेमची डाउनलोड प्रत फुकट न्या'. पहिल्या रविवारी मी माझी नोंदवली असती. दुसऱ्या रविवारी तीच यूएमडी दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, मग चौथ्यानं. आणि शेवटी ती सेकंडहँड बाजारात विकून चहा-मिसळ केली असती. एका विक्रीत पाच परवानग्या. आमचा काही कट वगैरे नसता, पण सोय दिली तर माणूस वापरणारच की.

याला तोड म्हणजे प्रत्येक चकतीला वेगळा क्रमांक असणं आणि एकदा नोंदलेली चकती पुन्हा न चालणं. दुसरा मार्ग, नोंद करताना चकती परत घेणं. पहिल्यासाठी चकती बनवतानाच तशी तयारी लागते. दुसऱ्यासाठी जगभर दुकानं लागतात. आणि हे जमलं तरी जुन्या करारांचं लचांड उरतं. गेम बनवणारी कंपनी वेगळी, प्रकाशित करणारी वेगळी. आत वाजणारं गाणं कुणाचं तरी, गाडीचा छाप कुणाचा तरी, खेळाडूचा चेहरा कुणाचा तरी. हे सगळे हक्क त्यावेळी ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक प्रकारच्या विक्रीसाठी घेतलेले असू शकतात. २००६ मध्ये चकतीवर विकायला घेतलेल्या गाण्याला २००९ मध्ये डाउनलोडवर द्यायचं तर पुन्हा त्याच्या मालकाच्या दारात. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर सतरा नावं असली की एका सहीसाठी सगळा व्यवहार अडतो, तसलाच प्रकार. म्हणून काही गेम डाउनलोड दुकानात कधी आलेच नाहीत, आणि आलेले काही पुढं गुपचूप काढलेही गेले.

एकदा मात्र पूल बांधला गेला, जपानात. डिसेंबर २०११ मध्ये पीएसपीचा वारसदार, पीएस व्हिटा आला. त्यालाही यूएमडीची खाच नव्हती. तेव्हा सोनीनं 'यूएमडी पासपोर्ट' नावाची योजना काढली. जुन्या पीएसपीवर एक छोटं ॲप घ्यायचं, त्यात यूएमडी घालून आपल्या अकाउंटवर नोंदवायची, मग व्हिटाच्या दुकानात त्या गेमची डाउनलोड प्रत कमी किमतीत मिळायची. कमी किमतीत, फुकट नव्हे. एकदा नोंदवलेली चकती दुसऱ्याच्या अकाउंटवर चालत नसे, म्हणजे आमच्या चौकडीचा बंदोबस्त केलेला. कुठले गेम घ्यायचे आणि किती पैसे लावायचे हे ज्या-त्या प्रकाशकाच्या हातात. अमेरिका, युरोप आणि आपल्याकडे ही योजना आलीच नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सर्वांत सरळ वागणं त्या योजनेचंच होतं. निदान दुसऱ्यांदा पैसे घेताना 'पुन्हा थोडे पैसे घेतोय' असं तोंडावर तरी सांगत होते.

आणि पूल असता तरी आम्ही कोल्हापूरकर पलीकडं गेलो असतो का? जरा हिशेब मांडू. २००४ च्या सरकारी धोरणानुसार आपल्याकडे २५६ केबीपीएस वेग म्हणजे ब्रॉडबँड. काठोकाठ भरलेली १.८ जीबीची एक यूएमडी त्या वेगानं उतरवायला, लाइट न जाता, लाइन न तुटता, साडेपंधरा तासांच्या वर लागतात. तेवीसचे झाले पंधरा दिवस, रात्रंदिवस. शिवाय यूएमडी सगळ्याच काठोकाठ असत्या तर ४१ जीबीच्या वर जागा लागली असती, आणि गोमध्ये १६ जीबी. वर जादा जागेसाठी त्याला मेमरी स्टिक मायक्रो नावाचं वेगळंच नखाएवढं कार्ड लागायचं, नेहमीच्या पीएसपीचं चालत नसे. एप्रिल २०११ मध्ये पीएसपी गो बंद झाल्याची बातमी आली तेव्हा मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. यंत्र वाईट नव्हतं, दहा वर्षं आधी आलं होतं.

दुकान बंद झाल्यावर

भाच्याच्या हातातल्या गोची खरी गोम इथं आहे. ज्या यंत्रात गेम फक्त कंपनीच्या ऑनलाइन दुकानातूनच येतात, ते दुकानच मिटलं तर?

मार्च २०२१ मध्ये सोनीनं जाहीर केलं की पीएस३, व्हिटा आणि पीएसपी या तिन्हींची डाउनलोड खरेदी त्या वर्षी बंद करणार. लोकांनी आरडाओरडा केला. महिनाभरात कंपनीनं निर्णय चुकल्याचं मान्य करून पीएस३ आणि व्हिटाचं दुकान चालू ठेवलं. पीएसपीवरून खरेदी मात्र जुलै २०२१ मध्ये बंद झालीच. सोनीची प्रतिस्पर्धी निन्टेंडो, तिनंही थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांची दुकानं २७ मार्च २०२३ ला मिटवली. घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेता येतात, नवं काही घेता येत नाही. ही परत उतरवायची सोय तरी किती वर्षं, ते कंपनीच्या मर्जीवर.

भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसाला हे पटकन कळतं. आपल्याकडे भाडेकराराचं नावच 'लीव्ह अँड लायसन्स'. अकरा महिने राहा, भिंतीला खिळा मारताना विचारा, मालक म्हणेल तेव्हा सोडा. घर सजवलं म्हणून घर तुमचं होत नाही. डाउनलोड गेमच्या 'मी सहमत आहे' या बटणामागं तसलाच लायसन्सचा कागद असतो. त्यातल्या अटी पुढं बदलूही शकतात. सोनीच्या दुकानातून घेतलेला पीएसपी गेम आधी पाच मशीनवर चालवता येई, नोव्हेंबर २०११ पासून नव्या खरेदीसाठी तो आकडा दोनवर आला. कॅलिफोर्निया राज्यानं तर यावर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथं असला माल विकताना 'तुम्ही वस्तू घेत नसून परवाना घेत आहात' हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे अजून बटणावर 'बाय' एवढंच लिहिलेलं असतं.

मग आपल्या कायद्यात काय आहे? मी वकील नाही, पण हा प्रश्न गिऱ्हाइकं एवढ्यांदा विचारतात की कलमं पाठ झाली आहेत. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे संगणक प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे त्याला नुकसान किंवा नाश होण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करायची मुभा आहे, तीही मूळ कामासाठीच वापरायची या अटीवर. दुसरीकडे २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५ए सांगतं की हक्कभंग करण्याच्या हेतूनं असली डिजिटल कुलपं फोडली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आपल्या मालकीच्या चकतीची आपल्यापुरती प्रत आणि शंभर रुपयांत शंभर गेम भरून देणं, या दोन्हींत फरक आहे तो हाच. दुकानात मी हे काम घेत नाही. पोरं "मामा, तू लई भितोस" म्हणतात. म्हणू देत.

इथवर वाचून वाटेल की हा माणूस डाउनलोडच्या नावानं बोटं मोडतोय. तसं नाही. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडते तेव्हा आमच्याकडे फ्रिज कॉटवर चढतो आणि फाईली माळ्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी एवढं चढलं की माळ्यावरचाही भरवसा उरला नाही. तेव्हा हा खोका मी डोक्यावर घेऊन बाहेर काढला होता. आई ओरडत होती, "अरे, आधी रेशनकार्ड घे!" त्याच पुरात ओळखीच्या एकाच्या पीएसफोरच्या सगळ्या डिस्क चिखलात गेल्या. त्याच्याच मुलीनं डाउनलोड केलेले गेम पुढं नव्या मशीनवर अकाउंट उघडताच एकेक करून परत आले. तेव्हापासून खोका दुकानात असतो. पाण्याला प्लॅस्टिकची मालकी कळत नाही.

आजच्या मशीनमध्ये हे दोन्ही प्रकार अर्धे-अर्धे मिसळलेले दिसतात. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ या यंत्राच्या काही गेमचं कार्ड विकत घेतलं तर त्यात गेमच नसतो, नुसती किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवायचा, आणि खेळताना कार्डही आत लागतं. म्हणजे पाटी-पेन्सिल दोन्ही पाहिजे. फायदा एवढाच, की हे कार्ड मित्राला देता येतं, विकता येतं. त्याच कंपनीनं डाउनलोड गेमनाही कार्डासारखं वागवायची सोय आणली आहे. कुटुंबाच्या गटातल्या माणसाला गेम दोन आठवड्यांसाठी उसना देता येतो, तेवढे दिवस तो आपल्याकडे चालत नाही. आमच्या शंभरपानी वहीची ही सरकारी आवृत्ती म्हणायची. पण खरं कार्ड देऊन असलं आभासी कार्ड मिळवायची वाट तिथंही नाही. आणि विषय निघालाच आहे तर, स्विचची कार्डं मुद्दाम कडू केलेली असतात. लहान पोरांनी गिळू नयेत म्हणून वर डेनाटोनियम बेंझोएट नावाचं रसायन लावतात. भाच्यानं विश्वास न ठेवता दुरुस्तीला आलेल्या एका कार्डाला जीभ लावली आणि तासभर पाणी पीत बसला.

तुमच्याकडे असा खोका असेल आणि खाच नसलेलं यंत्र घ्यायचा विचार असेल तर दुकानदार म्हणून माझं सांगणं थोडं आहे. गेम हलणार नाहीत, पण तुमची प्रगती हलू शकते. पीएसपीमध्ये सेव्ह यूएमडीवर नसतो, मेमरी स्टिकवर 'सेव्हडेटा' नावाच्या फोल्डरमध्ये असतो आणि केबल लावून सरळ कॉपी होतो. प्रत्येक सेव्हच्या फोल्डरला गेमचा कोड असतो. युरोपच्या प्रतीचा वेगळा, अमेरिकेच्या प्रतीचा वेगळा. कोड जुळला नाही तर नवी प्रत जुना सेव्ह ओळखत नाही, म्हणून डाउनलोड घेण्याआधी तो बघायचा. यूएमडीच्या कवचाची खिडकी जुनी झाली की सुटते आणि मशीनमध्ये अडकते. कडेनं सुईच्या टोकाएवढं गोंद पुरतं, मात्र लेझरच्या फटीकडं थेंब जाता कामा नये. पावसाळ्यात डब्यात सिलिकाच्या पुड्या टाका. आणि जुन्या पीएसपीची बॅटरी काढून ठेवा. फुगलेली बॅटरी मागचं झाकण कशी उचलते ते बघायचं असेल तर दुकानात या, बरणीभर नमुने आहेत.

डाउनलोडवाल्यांनी अकाउंट कुठल्या ईमेलवर आहे ते आजच बघावं. खोक्याला पुराची भीती, अकाउंटला विसराळूपणाची. भाच्याच्या गोमध्ये काकानं २०१० साली घेतलेले चार गेम अजून चालतात. पण ते ज्या ईमेलवर घेतले तो काकाच्या जुन्या नोकरीतला. ती नोकरी सुटली, तो ईमेल बंद, पासवर्ड आठवत नाही. रात्री साडेअकराला काकाशी व्हिडिओ कॉल झाला. "अरे, कुत्र्याचं नाव आणि गाडीचा नंबर असं काहीतरी होतं," एवढंच त्याला आठवत होतं. कुत्रा कुठला, गाडी कुठली, यावर काकू आणि काका यांचं एकमत होईना. म्हणजे ते चार गेम आता फक्त त्या एका यंत्राच्या पोटात आहेत. तिथून पुसले गेले तर पुन्हा कुठून आणणार? आणि भाचा त्याच क्षणी, मशीन 'नव्यासारखं' करायचं म्हणून, सेटिंगमध्ये जाऊन फॉरमॅटवर बोट ठेवून बसला होता. मी टेबलावरून उडी मारायची तेवढी बाकी ठेवली.

मग खोक्याच्या तळातून माझा जुना, खाचवाला पीएसपी ३००० काढला. नवी बॅटरी घातली, एका यूएमडीची खिडकी चिकटवून अर्धा तास वाळत ठेवली आणि आत सरकवली. कुर्र कुर्र असा आवाज आला. भाच्यानं मशीन कानाला लावलं.

"मामा, ह्यात काय फिरतंय?"

"सीडी."

"बिघडलंय का?"

"न्हाई, असंच असतंय."

स्क्रीनवर माझा सेव्ह आला, २०१० च्या दिवाळीतला. त्यानं तो न विचारता बाजूला सारला आणि पहिल्यापासून सुरू केलं. जाताना मशीन आणि तीन यूएमडी मागितल्या. मी ड्रॉवरमधून ती शंभरपानी वही काढली. मागची आठ-दहा पानं अजून कोरी होती. तारीख, गेमची नावं, आणि घेणाऱ्याची सही असं लिहून घेतलं. त्याला सही येत नव्हती, त्यानं पूर्ण नाव लिहिलं, शाळेच्या वहीवर लिहितात तसं, तुकडीसकट.